अफवांचा दवाखाना

पहिला फटका बसला तेव्हा भोंगा हसत होता. मागून कुणीतरी हाक मारली, त्याला वाटलं कार्यक्रमाचा चाहता असेल, म्हणून वळतानाच त्याने चेहऱ्यावर हसू आणलं. टायर काढायची लोखंडी पट्टी त्या हसण्यावर आडवी बसली. समोरचे दोन दात ओठ फाडून बाहेर आले. तो खाली बसला, तसा दुसरा फटका खांद्यावर पडला आणि तिसरा बरगड्यांवर. भर दुपारी, भर बाजारात. दुकानदार एका हाताने शटर ओढत होते आणि दुसऱ्या हाताने फोनवर शूटिंग करत होते.

"हस ना! आता का हसत नाहीस? तोंडाचं पंक्चर झालं का रे?"

मारणारा कोपऱ्यावरचा टायरवाला होता. रुंद खांदे, काळवंडलेले हात. मारता मारता तो रडत होता, हे नंतर त्या शूटिंगमध्ये सगळ्यांना दिसलं. चौघांनी मिळून ओढला तेव्हा कुठे तो बाजूला झाला.

एवढा राग येण्यासारखं काय घडलं होतं?

भोंगा हा पूर्वी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटावरचा झोपलेला माणूस उठून बसायचा. नाव तिथेच पडलं. पुढे तो रंगमंचावर विनोदी कामं करू लागला, आणि मग त्याने थोरल्या बहिणीला हाताशी धरून इंटरनेटवर एक कार्यक्रम सुरू केला: 'अफवांचा दवाखाना'. ताई शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात मुख्य रसायनतज्ज्ञ होती. कार्यक्रमात ती डॉक्टर आणि हा कंपाउंडर. दर आठवड्याला एक अफवा पेशंट म्हणून यायची. कंपाउंडर तिची नाडी बघून बोंब मारायचा आणि डॉक्टर शांतपणे निदान करायची. मोबाइलच्या लहरींवर अंडं उकडतं म्हणणाऱ्यांसाठी भोंग्याने दोन फोनच्या मध्ये अंडं ठेवून अख्खा दिवस त्याच्याशी गप्पा मारल्या, आणि शेवटी ते कच्चं अंडं स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं. लोक खूश होते.

मग पाण्याची अफवा आली. नळाच्या पाण्यात सरकार काहीतरी मिसळतं. त्याने माणसं मेंढरासारखी गरीब होतात आणि बायकांना मुलं होत नाहीत. पुरावा म्हणून टायरवाल्याचा एक व्हिडिओ फिरत होता. त्यात तो पाण्याची बाटली उजेडात धरून म्हणत होता, "बघा, पांढरं दिसतंय ना? हे काय आहे, सांगा की कुणीतरी!"

भोंग्याने गळ्यात सायकलची ट्यूब अडकवली आणि हुबेहूब त्याची नक्कल केली. "माझ्या डोक्यातली हवा कोण काढतंय, सांगा की कुणीतरी!" वर म्हणाला, "पाण्यात माणसं गरीब करायचं औषध असतं, तर आमच्या गल्लीत नळावर रोज कळशीने डोकी फुटली असती का?" तो भाग त्यांच्या आजवरच्या सगळ्या भागांपेक्षा जास्त बघितला गेला. रस्त्याने जाणारी पोरं टायरवाल्याच्या दुकानासमोर गाडी हळू करून ओरडू लागली, "हवा आहे का डोक्यात?"

ताई इस्पितळात आली तेव्हा भोंग्याच्या ओठाला टाके पडले होते. त्याने फोनवर लिहून दाखवलं: पुढचा भाग याच्यावरच. दातांसकट.

"नाही," ताई म्हणाली.

त्याने फोन खाली ठेवला आणि सुजलेल्या तोंडाने कसंबसं बोलला, "दात माझे पडलेत, ताई."

"पोलिसात तक्रार दे, मी सोबत येते. त्याने मारलं ते चुकलंच. पण तू अफवेला हसलास की माणसाला, ते एकदा बघ. मी तो भाग नंतर पाहिला. माझं निदान तू कापून पावपट केलंस आणि नक्कल तेवढी भरपूर ठेवलीस."

"लोकांना तेच आवडलं."

"मग लोकांकडूनच दात बसवून घे," ती म्हणाली आणि त्याच्या उशीखालचा टॉवेल नीट केला.

टायरवाला जामिनावर सुटला, तशी ती एकटीच त्याच्या घरी गेली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. दार त्याच्या बायकोने उघडलं. आतून तो ओरडला, "तिला हाकलून दे!" बायकोने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि ताईला आत घेतलं.

आतल्या फळीवर पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. तो त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसला होता.

"तुमच्या भावाने पाठवलं का? अजून थोडी हवा काढायला?"

"नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. तुम्ही विचारलं होतंत, पांढरं काय आहे ते. नळाखाली एक ग्लास भरा."

"कशाला?"

"भरा तर."

त्याने भरला. पाणी दुधासारखं गढूळ दिसत होतं. ताईने ग्लास खिडकीत ठेवला. "आता नुसतं बघा. पावडर मिसळली असेल तर ती खाली बसेल आणि पाणी वरून स्वच्छ व्हायला लागेल. बरोबर?"

"बरोबर."

तिघंही बघत राहिले. पाणी तळाकडून निवळायला लागलं. पांढरेपणा हळूहळू वर सरकला, काठापाशी उरला आणि नाहीसा झाला. ग्लासात साखरेच्या दाण्याएवढंही काही उरलं नव्हतं.

"हवा," ताई म्हणाली. "नळीत दाबाखाली पाण्यात विरघळते, बाहेर आली की बुडबुडे होऊन वर जाते. तुम्ही रोज ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधता, तेच बुडबुडे. फक्त फार बारीक."

टायरवाल्याने ग्लास उचलून त्याचा तळ उजेडात धरला. मग म्हणाला, "पण वास येतो."

"येतो. क्लोरीनचा. ते आम्ही घालतो, लपवत नाही. मोठ्या पिंपात एखाददुसरा थेंब, एवढंच. न घातलं तर कॉलरा होईल."

"मग आमची मुलं का गेली?"

हे त्याच्या बायकोने विचारलं होतं. ती दाराला टेकून उभी होती. "पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. नंतरची दोन्ही पूर्ण वाढलेली होती, पण जन्मली ती मेलेलीच. डॉक्टर म्हणाले, नशीब. यांना ते पटलं नाही. मग माझ्या भावाने फोनवर हे पाण्याचं दाखवलं."

ताईच्या तोंडात एक उत्तर तयार होतं: याच पाण्यावर शहरातलं प्रसूतिगृह चालतं आणि तिथे खाट मिळत नाही. कार्यक्रमात ते तिने सांगितलंही होतं आणि त्यावर हशा झाला होता. या बाईसमोर ते तिच्याच्याने बोलवेना.

"का गेली ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पाण्याने नाही गेली, एवढं माहीत आहे. एका चांगल्या डॉक्टरीण बाई माझ्या ओळखीच्या आहेत. तुम्ही दोघं त्यांना भेटा. आणि भाऊ, तुम्ही उद्या केंद्रावर या. प्रत्येक खोली उघडून दाखवते. भोंगा पण येईल. माफी मागायला."

"येतो," टायरवाला म्हणाला. "एकटाच येतो."

पण बायकोच्या भावाला हे कळलं. हा मेव्हणा म्हणजे पाण्याच्या त्या अफवेचा कारभारीच होता. सकाळ-संध्याकाळ शेकडो लोकांना तोच संदेश पाठवायचा. संध्याकाळी त्याने नवीन संदेश सोडला: 'सरकारी बाई घरात घुसून धमकी देऊन गेली. उद्या सगळे चला. पुराव्यासकट पकडू.' सोबत केंद्राच्या फाटकातून आत जाणाऱ्या ट्रकचा फोटो. ट्रकवर लोखंडाची लांबट सिलिंडर आडवी ठेवलेली आणि त्यांवर कवटीचं चित्र.

सकाळी टायरवाला फाटकाशी आला तेव्हा त्याच्यामागे रस्ता भरून माणसं होती. हातात गज, दगड, पहारी. मेव्हणा सर्वांत पुढे. टायरवाला वळून म्हणाला, "मी नुसतं बघायला आलोय. तुम्ही बाहेर थांबा." ते कुणी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी त्याला खांद्याने बाजूला सारलं.

पहारेकऱ्याने फाटकाची कडी घट्ट धरून ठेवली होती. एकाने त्याच्या बोटांवर दगड घातला. कडी सुटली, माणसं आत घुसली आणि तो पायांखाली गेला. पंपाजवळचा ऑपरेटर "आत धोका आहे, थांबा!" म्हणत हात पसरून आडवा आला. त्याच्या कोपरावर गज बसला. हाड मोडल्याचा आवाज पंपाच्या घरघरीतही ऐकू आला. तो पडला तरी दोघं त्याला लाथा मारत राहिले. "काय धोका आहे? बोल! काय लपवलंय?"

प्रयोगशाळेत ताई आणि भोंगा होते. काचा फुटल्या, बाटल्या फुटल्या. कुणीतरी ताईच्या केसांना धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. भोंगा मध्ये पडला, तर त्याच्या टाके घातलेल्या तोंडावर कोपर बसलं आणि टाके उसवले. टायरवाला गर्दी फाडत आत आला. त्याने ताईला धरणाऱ्या माणसाच्या पोटात गुडघा घातला आणि त्याला दारातून बाहेर फेकलं.

"हे मी आणलेले नाहीत, मॅडम!"

"क्लोरीनची खोली!" ताईच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. "तिकडे कुणाला जाऊ देऊ नका!"

पण मेव्हणा त्या खोलीपर्यंत पोचला होता. दारावरची कवटी बघून त्याने जी आरोळी ठोकली तीत आनंद होता. "बघा! विषाचं चित्र! स्वतःच काढून ठेवलंय!" दाराशेजारच्या कपाटात हवेच्या टाक्या आणि मुखवटे होते. ते बाहेर काढून लोकांनी तुडवले. मेव्हण्याने आत जाऊन सिलिंडरच्या तोंडाशी, खालच्या व्हॉल्व्हवर पहार घातली. एकदा. दोनदा. गर्दीमागून धावत आलेला टायरवाला बघत असतानाच तिसऱ्यांदा व्हॉल्व्ह मोडला.

आधी फुसकन आवाज आला, भल्यामोठ्या टायरमधली हवा सुटावी तसा. मग मोडलेल्या तोंडातून पिवळट द्रवाची धार आली आणि जमिनीला टेकायच्या आत तिचा हिरवट धूर झाला. मेव्हणा ओरडायला गेला. श्वास आत घेतला तो घेतलाच. तो तिथेच गुडघ्यांवर कोसळला. त्याच्यामागच्यांनी त्याच्या अंगावरून बाहेर धाव घेतली.

क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. तो उतार शोधतो, पाण्यासारखा. ताईला हे पाठ होतं आणि लोक पळत होते ते नेमके उताराकडे, जुन्या गाळणी हौदांच्या बाजूला, कारण फाटकाशी चेंगराचेंगरी झाली होती.

"भोंग्या!" ती ओरडली. "त्यांना वर पाठव! उंच टाकीच्या जिन्याकडे, वारा येतोय त्या बाजूला!"

भोंग्याने तोंडातलं रक्त थुंकलं आणि बाहेर जाऊन आवाज काढला. दात नसल्याने शब्द फाटत होते, पण आवाज होता तोच. "वर चला! खाली जाऊ नका! टाकीवर चढा! नाकाला ओलं फडकं लावा आणि वर चढा!"

बरेच वळले. एकमेकांना ढकलत, खोकत, ओकत, जिना चढू लागले. पण हौदांच्या दिशेने पळणाऱ्या एका घोळक्यातून आवाज आला, "तो नकल्या आहे! टाकीत ढकलून मारतील!" आणि तो घोळका थांबलाच नाही. भोंगा त्यांच्यामागे पळाला. शेवटच्या माणसाची कॉलर त्याच्या हाती लागली. त्या माणसाने मागे वळून त्याच्या पोटात गुद्दा मारला, कॉलर सोडवली आणि इतरांच्या मागे पायऱ्या उतरून गेला. हिरवा धूर त्याच पायऱ्या सावकाश उतरत होता. भोंगा वरून ओरडत राहिला. मग खालून खोकल्याचा आवाज येईनासा झाला.

इकडे ताईने तुडवलेल्या ढिगातून टाक्यांसकट दोन मुखवटे उपसले. एक धड होता, दुसऱ्याच्या काचेला तडा गेला होता. तिने तडा गेलेला स्वतः घेतला. टायरवाल्याने तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि धड असलेला तिला दिला.

"काय करायचं ते सांगा."

"भोक खालच्या अंगाला आहे, म्हणून द्रव येतोय. त्याच्या एका पेल्याचा चारशेहून जास्त पेले गॅस होतो. सिलिंडर चाकांवर ठेवलंय. फिरवून भोक वर आणलं की नुसता गॅस येईल, मग मला झाकण बसवता येईल."

"वजन?"

"तुमच्या ट्रकच्या टायरांपेक्षा बरंच जास्त."

दोघं आत शिरले. मेव्हणा सिलिंडरपाशीच पडला होता. टायरवाल्याने त्याला बगलेत धरून बाहेर ओढलं, त्याचं तोंड बघितलं आणि परत आत आला. मेव्हण्याचीच पहार उचलून त्याने सिलिंडरखाली अडकवली. आयुष्यभर तो हेच करत आला होता: अडलेलं गोल काहीतरी जोर लावून फिरवणं. पहिल्या जोराला काही झालं नाही. तडा गेलेल्या काचेतून गॅस आत येत होता. तो खोकत होता आणि खोकता खोकता जोर लावत होता. तिसऱ्या-चौथ्या जोराला सिलिंडर कुरकुरत हललं आणि मग एकदम अर्धा फेरा फिरलं. धार थांबली. वरून फक्त हिरवा फवारा येत राहिला. ताईने त्यावर लोखंडी टोपण बसवलं आणि आवळलं. हातमोजा फाटला होता, त्यातून तिच्या बोटांची कातडी जळाली. फवारा बंद झाला.

टायरवाला तिथेच भिंतीला पाठ लावून बसला. त्याच्या मुखवट्याच्या आत गुलाबी फेस दिसत होता.

मेव्हणा गेला. हौदांत उतरलेल्यांपैकी एकही जिवंत वर आला नाही. ऑपरेटरचा हात पुन्हा सरळ झाला नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी नवा संदेश फिरला: 'विष होतंच. आंदोलकांवर गॅस सोडला. आता तरी डोळे उघडा.' मेव्हण्याचा फोटो, भोवती फुलं. ज्यांना भोंग्याने जिन्यावर चढवलं होतं त्यांच्यापैकीही काहींनी तो पुढे पाठवला.

टायरवाला शुद्धीवर आला तेव्हा खाटेभोवती मेव्हण्याचे सोबती उभे होते. त्यांना हवं होतं ते एकच वाक्य: व्हॉल्व्ह त्या बाईने उघडला. एकाने फोन त्याच्या तोंडाशी धरला. "बोल, दादा. तुझ्या मेव्हण्यासाठी बोल."

टायरवाल्याने नाकातली ऑक्सिजनची नळी बाजूला केली. "माझ्या मेव्हण्याने पहार घातली," तो म्हणाला. "मी बघितलं. बाईंनी बंद केला. माझ्या डोळ्यांसमोर."

फोनवाल्याने शूटिंग थांबवलं. मग त्याच हाताने त्याच्या थोबाडीत मारली. दुसऱ्याने सलाइनची सुई उपटली. परिचारिका किंचाळत आली तेव्हा ते निघून गेले होते. संध्याकाळपर्यंत त्याच्या घराखालचं दुकान पेटवण्यात आलं. टायर पेटले की विझता विझत नाहीत. धूर अख्ख्या शहरावर दिसत होता. बायको वरच्या खोलीतून मागच्या जिन्याने निसटली ती अंगावरच्या कपड्यांनिशी ताईकडे आली. माहेरून तिला भावाच्या मातीला यायलाही मनाई झाली.

भोंग्याने दवाखाना बंद करायचं ठरवलं. ताईने अडवलं नाही. पण टायरवाला बरा होऊन, पायऱ्या चढताना तीन वेळा थांबून, त्यांच्या शूटिंगच्या खोलीवर आला.

"मला बसव तिथे," तो म्हणाला. "कॅमेऱ्यासमोर. व्हॉल्व्ह कुणी मोडला ते सांगायचंय. आणि तो ग्लास दाखवायचाय."

"लोक शिव्या देतील," भोंगा म्हणाला. नवे दात अजून त्याला नीट बसले नव्हते. "विकला गेलास म्हणतील."

"म्हणतातच आहेत. आणि तू तोंड पाडून बसू नकोस. तू गंभीर झालास की मुडद्यासारखा दिसतोस. कोण बघेल?"

भोंगा त्या दिवशी पहिल्यांदा हसला. मग त्याने माफी मागितली. दोन वाक्यांत, नक्कल न करता. टायरवाला म्हणाला, "दातांचं देणं माझ्याकडे लागलं. बाकीचं तुझ्याकडे." आणि दोघं ग्लास भरायला उठले.

तो भाग फार थोड्यांनी बघितला. शिव्या मात्र खूप आल्या, ताईच्या घराच्या काचाही फुटल्या. पण प्रश्नही आले, दहा-बारा. ताईने प्रत्येकाला उत्तर लिहिलं.

त्यानंतर नवरा-बायको ताईला घेऊन त्या डॉक्टरीण बाईंकडे गेले. तपासण्यांचे निकाल आले होते. बाईंनी समजावलं: बायकोचा रक्तगट निगेटिव्ह आणि मुलांचा पॉझिटिव्ह. पहिल्या वेळी पोटातल्या मुलाचं रक्त तिच्या रक्तात मिसळलं, तेव्हाच तिच्या रक्ताने शत्रू ओळखून ठेवला आणि नंतरच्या मुलांवर ते चालून गेलं. पहिल्या वेळीच एक इंजेक्शन दिलं असतं तर टळलं असतं. आता अवघड आहे, पण देखरेखीखाली प्रयत्न करता येईल.

"म्हणजे पाणी नाही," टायरवाला म्हणाला.

"पाणी नाही."

"कुणी मुद्दाम केलं नाही."

"मुद्दाम नाही. कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, ते आलं नाही."

तो आपल्या हातांकडे बघत बसला. लोखंडाने आणि रबराने घट्टे पडलेले हात. त्याचा श्वास अजून शिट्टीसारखा वाजत होता.

"मग मी मारू कुणाला?" त्याने विचारलं. अगदी खरं विचारलं, उत्तर मिळेल असं समजून.

बायकोने त्याचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि बाईंना विचारलं, "देखरेख म्हणजे किती वेळा यावं लागेल?"